मोटीबेनची आण

लाभुबेन कोटेचांचं लिव्हर गेलं ही बातमी फुटली, तेव्हा भावनगरातल्या निम्म्या ओळखीच्यांनी हळहळ व्यक्त केली आणि उरलेल्या निम्म्यांनी तिच्या नवऱ्याकडे रोखून पाहिलं. दारूबंदीच्या मुलखात लिव्हर बिघडणं ही तब्येतीची बाब नसते, चारित्र्याची असते. जयंतीभाई कोटेचा बिचारे वैष्णव माणूस. कफाच्या औषधात स्पिरिट असतं असं कोणीतरी सांगितल्यापासून खोकलासुद्धा मधावर काढणारे. आणि लाभुबेनने जन्मात ताकापेक्षा कडक काही घेतलेलं नव्हतं. तरी हवेलीत, म्हणजे वैष्णवांच्या देवळात, दर्शनाला उभ्या राहिलेल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत आणि म्हणत, "आतल्या गोष्टी आपल्याला काय ठाऊक, बेन."

आतली गोष्ट एवढीच होती, की आत चरबी होती. ती वर्षानुवर्षं साठत गेली, त्यानं यकृत सुजलं, सुजेचे वण झाले आणि वणांचा दगड झाला. पोटात पाणी धरू लागलं, डोळे पिवळे पडले, आणि एका सकाळी लाभुबेनने चहात साखरेऐवजी हळद घातली व तो सगळ्यांना आग्रह करकरून पाजला. तेव्हा कुठे तिला अमदावादला नेलं.

तिथल्या डॉक्टर पौरवी अंजारिया वयानं लाभुबेनच्या लेकीसारख्या होत्या. बोलायला मात्र सासूसारख्या. त्यांनी सांगितलं, "हे लिव्हर आता सुधारणार नाही. दुसरं बसवायला हवं. घरच्या माणसाच्या लिव्हरचा तुकडा चालतो. देणाऱ्याचं उरलेलं पुन्हा वाढतं."

जयंतीभाईंना मधुमेह. मुलाचा रक्तगट जुळेना. जुळला तो लाभुबेनच्या धाकट्या भावाचा, वजुभाई चंदाराणाचा.

"माझं घ्या," वजुभाई म्हणाला. "कापायला कधी येऊ?"

यात शौर्य वगैरे काही नव्हतं. वजु तीन वर्षांचा असताना आई गेली, आणि अकरा वर्षांच्या लाभुनं त्याला कडेवर घेतलं ते जवळजवळ खाली ठेवलंच नाही. तो जेवला नाही की ती समोर फतकल मारून बसायची, स्वतःच्या गळ्याला चिमूट लावायची आणि म्हणायची, "माझी आण आहे वजु, एवढा एक घास." आपल्या काठियावाडात ही आण म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. आण घालणारा स्वतःचा जीव पानात वाढतो. तुम्ही नाही म्हटलंत, म्हणजे तो मेला तरी तुमची हरकत नाही. त्यामुळे आमच्याकडे माणसं भुकेनं थोडं आणि आणेनं पुष्कळ जेवतात. वजुभाई सत्तेचाळिसाव्या वर्षी चौऱ्याण्णव किलोंचा होता, आणि त्यातले निदान तीस किलो लाभुबेनच्या जिवाखातर होते.

ते सगळे पोटावर दिसत होते. यकृतातले दिसत नव्हते, ते तपासणीत दिसले.

"तीस टक्के चरबी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा तुकडा तुमच्या बहिणीला बसवला तर तिथं चालायचा नाही, आणि तुमच्यात उरेल तोही धड वाढायचा नाही. दहाच्या आत आणा. दोन महिने देते."

"आणतो. औषध कोणतं?"

"तळलेलं बंद, गोड बंद, रात्रीचं जेवण निम्मं. आणि रोज तासभर चालायचं, घाम येईल असं."

"ते तर झालंच. पण औषध?"

"वजुभाई, हेच औषध."

वजुभाई विनयानं हसला आणि बाहेर येऊन बायकोला, रसीलाला, म्हणाला, "पोरगी हुशार आहे, पण नवी आहे. चिठ्ठीवर एकसुद्धा नाव लिहिलं नाही."

त्याच्या नजरेनं बघा. घोघा दरवाजाजवळ त्याचं मेडिकल स्टोअर होतं. गल्लीतली निम्मी माणसं त्यालाच 'डाक्टर' म्हणत आणि दुखणं सांगून गोळी नेत. ज्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव नाही, तो त्याच्या लेखी डॉक्टर नव्हे, शेजारी. चाला आणि कमी खा हे तर कोणीही सांगतं, फुकट सांगतं. आणि फुकटच्या गोष्टीनं बरं होता आलं असतं तर त्याच्या दुकानाच्या भिंतीवर छतापर्यंत फळ्या कशाला मारल्या असत्या?

त्या फळ्यांपैकी एक पुरी फळी लिव्हरची होती. त्यावर हिरव्या मऊ कॅप्सुलांत भरलेलं ई जीवनसत्त्व होतं, काटेरी जांभळ्या फुलाचं चित्र असलेली विलायती वनस्पतीची बाटली होती, हळदीचा अर्क होता, आणि नुकत्याच आलेल्या, हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या होत्या. सगळ्यांवर एक शब्द सोनेरी अक्षरांत होता, अँटिऑक्सिडंट. गिऱ्हाइकांना तो शब्द वजुभाई जवळच्या अलंगच्या, जहाजं तोडणाऱ्या बंदराच्या भाषेत समजावून सांगे. "किनाऱ्यावर तोडायला आणलेलं जहाज बघितलंय ना? लोखंड कसं गंजून पापुद्रे सुटतात? चरबीच्या लिव्हरला आतून तसाच गंज चढतो. ही गोळी म्हणजे गंजावर रंगाचा हात." गिऱ्हाईक मान डोलवून बाटली नेत असे. आता सांगणारा आणि मान डोलवणारा एकच होता, त्यामुळे काम फार लवकर झालं.

त्याच संध्याकाळी त्याने चारी बाटल्या घरी नेल्या. रसीलाने त्या ओट्यावर मांडलेल्या पाहिल्या.

"बाईंनी यातलं काय सांगितलंय?"

"बाईंना वेळ नव्हता."

"मग विचारून घ्यावं. आणि त्यांनी चालायला सांगितलं होतं ना?"

"गोळी पोटात गेल्यावर चालतेच की ती."

रसीलाने बाटल्या ओट्याच्या कडेला सरकवल्या. तिच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. काय बोलल्यानं काय होतं याचा तिला अंदाज होता.

वजुभाईनं प्रयत्न केला नाही असं नव्हे. दुसऱ्याच सकाळी त्याने समोरच्या भूपतभाई गाठियावाल्याला हात जोडून सांगितलं, "उद्यापासून माझ्या नावाचा घाणा घालू नकोस." भूपतभाईच्या कढईची आणि त्याची तीस वर्षांची मैत्री. भूपतभाईनं झारा खाली ठेवला. वजुची मोटीबेन, थोरली बहीण, आजारी आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि दुःखात असलेल्या माणसाला उपाशी ठेवायचं नसतं हेही ठाऊक होतं. त्याने कागदावर गरम गाठिया, कच्च्या पपईचा परतलेला कीस, म्हणजे संभारा, आणि दोन तळलेल्या मिरच्या ठेवल्या, आणि स्वतः रस्ता ओलांडून आला.

"आजचा दिवस खा. बहिणीला लिव्हर द्यायचं, तर अंगात ताकद नको? माझी आण."

आता भूपतभाईला मारायचं का? वजुभाईनं खाल्लं. वर एक हिरवी कॅप्सूल जास्तीची घेतली.

संध्याकाळी तो बहिणीकडे जाई. तिथं खबर काढायला येणाऱ्यांची रीघ होती, आणि आल्या माणसाला रिकामं पाठवण्याची पद्धत नव्हती. चहा, चेवडा, मोहनथाळ फिरे. पाहुणा एकटा कसा खाईल, म्हणून घरच्या कोणीतरी सोबत खायचं. जयंतीभाईंना साखर वर्ज्य, मुलाला कामं, मग सोबतीला उरे वजुभाई. खाटेवरून लाभुबेन बारीक आवाजात विचारी, "वजुनं घेतलं का? दोन दिवसांत उतरलाय बघा चेहरा." ती चाळीस वर्षं जुनं वाक्य म्हणत होती, पण आजारी माणसाला खोटं कसं पाडणार? वजुभाई घेई.

महिनाभर असं चाललं. चालणं मात्र व्हायचं राहिलं. गुडघा जरा धरला होता, ऊनही होतं. गोळ्यांचा मात्र एक दिवस चुकला नाही. त्या बाबतीत तो कडक शिस्तीचा होता.

महिन्यानंतर अमदावादला रक्ताची आणि लिव्हरची तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी कागद पाहिला, मग वजुभाईकडे पाहिलं, मग पुन्हा कागद पाहिला.

"चरबी तीसची एकतीस झाली आहे. ते मी समजू शकते. पण लिव्हरला सूज कशानं आली? मागच्या वेळी रक्त ठीक होतं. काय घेताय?"

वजुभाईनं पिशवीतून एकेक बाटली काढून टेबलावर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर, गृहपाठ केलेल्या मुलाच्या असतो तसा भाव होता.

"ही कोणी दिली?"

"मीच."

"तुम्ही डॉक्टर?"

"मेडिकलवाला."

"हं," बाई म्हणाल्या. त्यांनी पहिली बाटली उचलली. "हे ई जीवनसत्त्व. खोटं औषध नाही हे. सूज आलेल्या काही रोग्यांना, मधुमेह नसलेल्यांना, मी स्वतः देते, तपासून. पण त्याचा गुण पाहायला वर्ष-दोन वर्षं लागतात. एका महिन्यात चरबी उतरवायचं काम ते करत नाही. मधुमेहावरची एक गोळी आहे, तीही काहींना देतो, तर तिनं वजन वाढतं. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं आली आहेत, त्यांनाही महिने लागतात. हे काटेरी फूल फार काही करत नाही, बिघडवतही नाही. पण ही." त्यांनी हिरव्या चहाच्या अर्काची बाटली पुढे सरकवली, आणि तिच्या शेजारी हळदीची. "चहा प्यायला असतात तर मी काही म्हटलं नसतं. कितीतरी कपांचा अर्क एका गोळीत कोंबला की काही माणसांचं लिव्हर त्यानंच सुजतं. हळदीचंही तेच. कोणत्या गोळीनं केलं ते मी आज सांगू शकत नाही. सगळं बंद."

"बेन, मी तर गंज चढू नये म्हणून..."

"कसला गंज?"

त्याने अलंगचं जहाज सांगितलं. डॉक्टरबाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये एकदाही हसल्या नाहीत.

"दृष्टांत चांगला आहे," त्या म्हणाल्या. "फक्त तुम्ही रंग मारताय, आणि जहाज अजून समुद्रातच उभं आहे."

वजुभाईनं बाटल्या परत पिशवीत भरायला घेतल्या. एक खाली घरंगळली. ती उचलायला तो वाकला, आणि वाकलेल्या अवस्थेतच त्याने विचारलं, "मोटीबेनकडे किती वेळ आहे?"

"मागच्या महिन्यात होता त्याहून कमी. सूज उतरायला आधी काही आठवडे जातील. त्यानंतर चरबी. करा, वजुभाई. मी तिला तोवर सांभाळायचा प्रयत्न करते."

परतीच्या बसमध्ये रसीला त्याच्या शेजारी बसली. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य तिनं धंधुक्यापर्यंत तोंडात धरून ठेवलं आणि पुढे गिळून टाकलं. गाडी थांबली तिथं तिनं दोन ग्लास बिनसाखरेचं ताक आणलं.

लाभुबेनला त्या दिवशी बरी शुद्ध होती. वजुभाई खाटेपाशी बसला. खोलीत पाहुणे नव्हते, जयंतीभाई तेवढे उशाशी होते.

"कापायची तारीख मिळाली?" तिनं विचारलं.

"नाही मिळाली. माझ्या लिव्हरमध्ये चरबी आहे, मोटीबेन. आधीच होती. आता सूजही आहे. ती मी आणली."

लाभुबेनने मान त्याच्याकडे वळवली. मग म्हणाली, "सूज तुझी असेल. चरबी माझ्या हातची असणार."

"असं काही नसतं."

"नसतं कसं? घास घास घातलाय मी. रडत होतास तरी घातला." तिला धाप लागली. जयंतीभाईंनी चमच्यानं पाणी पाजलं. "लोक काय काय देतात भावाला. मी तूप दिलं. आता परत मागायला गेले तर तेच हाती आलं."

"तू थोडं थांब. मी उतरवतो."

"तुझ्यानं नाही होणार. तुला नाही म्हणता येत नाही. तसंच वाढवलंय मी तुला." तिनं पिवळा, सुकलेला हात वर उचलला. गळ्यापर्यंत न्यायला तिला दोन खेपा लागल्या. तिथली ढिली कातडी तिनं चिमटीत धरली. "वजु, माझी आण. तळलेलं, गोड, तुपाचं काही तोंडात घातलंस तर लाभु मेली म्हणून समज. कोणी कितीही आग्रह केला, कोणी त्याचा जीव घातला, तरी माझी आण आधीची. मी सोडवीन तेव्हाच सुटशील."

जयंतीभाई म्हणाले, "अगं, अशी आण कोणी घालतं का? खाऊ नकोस म्हणून?"

"आता घातली," लाभुबेन म्हणाली, आणि डोळे मिटले.

गावात ही आण दोन दिवसांत सगळ्यांना कळली. अशी उफराटी आण आमच्याकडे आजवर कोणी ऐकली नव्हती. थोरल्या बहिणीची, तीही खाटेला खिळलेलीची; तिच्यावर दुसऱ्याची आण चढत नाही, असं जाणत्यांनी ठरवलं. भूपतभाईनं पहिल्या सकाळी सवयीनं कागद भरला, रस्ता अर्धा ओलांडला आणि मधल्या मध्ये उभा राहिला. दोन्ही बाजूंनी रिक्षावाले हॉर्न देत होते. "आता हे घेऊन मी काय करू?" त्याने तिथूनच विचारलं.

"तू खा."

"मी माझे गाठिया कधी खात नाही," भूपतभाई म्हणाला, आणि तो किरकोळ प्रकृतीचा का, हे वजुभाईला तीस वर्षांनी कळलं.

तो बोर तळावाला फेऱ्या मारू लागला. पहाटे जाई, गुडघ्याला पट्टा बांधून. सुरुवातीला धापा टाकत अर्ध्या वाटेत बाकावर बसे, मग पूर्ण फेरी होऊ लागली, मग दोन. मुगाचं पाणी, काकडी, कोरडी ज्वारीची भाकरी. रसीलाही तेच खाऊ लागली. सांगून नव्हे, एक दिवस तिच्या ताटात बघून त्याच्या लक्षात आलं. दुकानात कोणी आलं आणि म्हणालं, "वजुभाई, लिव्हरसाठी काहीतरी द्या," की तो विचारी, "बोर तळाव बघितलंय?"

"बघितलंय की."

"सगळीकडून?"

गिऱ्हाईक पुढच्या मेडिकलमध्ये जाई. त्या दुकानदाराचे ते दिवस भरभराटीचे गेले.

संध्याकाळी लाभुबेनपाशी बसलं की ती डोळ्यांनी त्याच्या गालांचा अंदाज घेई. शर्ट गळ्यापाशी सैल झाला, तेव्हा ती म्हणाली, "आईच्यासारखी हनुवटी आहे की तुला. कधी दिसलीच नव्हती." नंतर पुष्कळदा ती त्याला ओळखत नसे, पण हनुवटी ओळखत असे, तिथं बोट टेकवून पडून राही.

आधी सूज गेली. चरबी वीसवर आली, मग चौदावर. शेवटच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी पडदा त्याच्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "सात. आजच्या दिवसात याहून चांगलं लिव्हर मला दिसलं नाही. पुढच्या बुधवारी घेऊ." आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज सासूसारखा राहिला नाही.

रविवारी लाभुबेनच्या पोटातल्या पाण्यात जंतू शिरले. सोमवारी ताप चढला, मंगळवारी लघवी थांबली. अशा अंगावर चाकू चालवता येत नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. बुधवारी सकाळी, शस्त्रक्रियेला दिलेल्या वेळेच्या जरा आधी, ती गेली.

वजुभाईनं रुग्णालयाच्या जिन्यात डॉक्टरबाईंना गाठलं. "पहिल्या दिवसापासून चाललो असतो तर?"

खोटं बोलायला ही चांगली जागा होती, आणि बाईंना ते कळत होतं. "तारीख महिनाभर आधीची मिळाली असती," त्या म्हणाल्या. "पुढचं मला माहीत नाही, वजुभाई. आधीची तारीख मिळालेलीही माणसं जातात." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही केलंत ते फार थोडे करतात."

"आण होती," वजुभाई म्हणाला.

आण मोडली तर घालणारा मरतो, हे त्याला तिसऱ्या वर्षापासून माहीत होतं. पाळली तरी मरतो, हे कोणी सांगितलं नव्हतं.

बाराव्याला ज्ञातीच्या वाडीत पंगती बसल्या. चुरम्याचे लाडू होते. लाभुबेनला ते आवडायचे, आणि तिच्यासाठी म्हणून तूप हात राखून घातलेलं नव्हतं. वाढायला भूपतभाई होता. वजुभाईच्या पानात त्याने मूग, भात आणि कोशिंबीर वाढली आणि लाडवाचं ताट घेऊन पुढे सरकला. तेव्हा पंगतीतले म्हातारे एकेक करून बोलू लागले. मागे राहिलेल्याच्या तोंडी गोड लागल्याशिवाय गेलेल्याचा आत्मा सुटत नाही, असं एकानं सांगितलं. दुसरा म्हणाला, "आण जिवंत माणसाची. माणूस गेलं की आण गेली." तिसऱ्यानं स्वतःच्या गळ्याकडे हात न्यायला सुरुवात केली होती, पण शेजाऱ्यानं तो खाली ओढला.

शेवटी जयंतीभाई आले. या दिवसांत ते वाळून काठीसारखे झाले होते. ते वजुभाईपुढे उकिडवे बसले, भूपतभाईच्या ताटातला एक लाडू घेतला आणि म्हणाले, "वजु, ती माझी बायको होती. तिच्या वतीनं मी सोडवतो. घे."

 लाडू अगदी जवळ होता. वेलची आणि खरपूस तुपाचा वास वजुभाईच्या नाकापर्यंत आला, आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. दुःखातही ते सुटतं.

"घालताना तिनं तुम्हाला विचारलं नव्हतं, जीजाजी," तो म्हणाला. "तुम्हीच म्हणाला होतात, अशी आण कोणी घालतं का."

"मग आता जन्मभर असाच राहणार? तिच्यासाठी ठेवलं होतंस ते लिव्हर. ती तर गेली."

वजुभाईनं उजव्या बरगडीखाली हात ठेवला. बाहेरून तिथं काही कळत नव्हतं.

"तिचंच आहे ते अजून," तो म्हणाला. "तिनं नेलं नाही एवढंच."

जयंतीभाई तसेच बसून राहिले. मग भूपतभाईनं त्यांच्या हातातला लाडू हळूच काढून घेतला, परत ताटात ठेवला आणि पुढच्या पानाकडे सरकला. जाता जाता त्याने मुगाचं एक पळीभर वरण वजुभाईला जास्तीचं वाढलं. आण मात्र घातली नाही. वजुभाईनं ते भातात कालवलं आणि पान स्वच्छ केलं.